उजव्या कौलाचं पत्र

आज सकाळी नळावर खालच्या मजल्यावरची मालनताई आमच्या भावोजींना सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तू नास्तिक ना रे, मग नास्तिकासारखा गप घरी बस. दुसऱ्याच्या देवाचं तुला काय पडलंय?"

भावोजींच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या. जिना चढून वर आले, बादल्या मोरीत ठेवल्या, खाकी शर्ट अंगात घातला आणि ड्युटीवर गेले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. नळावर आठ बायका होत्या, त्यातली एक बोलली नाही. दोघी तर हसल्या. याच बायका पत्र आलं की "गुणाजी, जरा वाचून दाखव ना रे" म्हणत पदराला हात पुसत धावत येतात.

भावोजी म्हणजे गुणाजी, माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. मुलुंडला पोस्टमन आहेत, वीस वर्षं झाली. आमची चाळ त्यांच्याच वाटपाच्या बिटात. चाळीत निम्मी बिऱ्हाडं कोकणातली, आणि म्हाताऱ्या बायकांना अजून अक्षर लागत नाही, म्हणून पत्र देणं आणि वाचून दाखवणं ही दोन्ही कामं भावोजींकडेच. सरकार पगार देतं एकाच कामाचा.

काल त्यांनी मालनताईला तिच्या गावाहून आलेलं पत्र वाचून दाखवलं. पत्र तिच्या सुनेबद्दल होतं. विमला दोन महिने खोकतेय, अंगावर मांस उरलं नाही पोरीच्या. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, टीबी निघाला, गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली. तेवढ्यात मालनताईने गावी देवाला कौल लावला. पत्रात आलं की हा आजारच नव्हे, वाटेवरचं वारं लागलंय, अमावास्येला वेशीवर कोंबडा द्या आणि तोपर्यंत डॉक्टरी औषध पोटात घालू नका. भावोजींनी लिहिलं होतं तसं वाचलं, घडी घालून पत्र परत दिलं आणि म्हणाले, "मालनताई, लिहिलंय ते वाचलं. आता माझं सांगतो. गोळ्या एक दिवस बंद करू नकोस." झालं. एवढाच त्यांचा गुन्हा.

काय पडलंय म्हणे. मी सांगते त्यांना काय पडलंय. ते स्वतः सांगणार नाहीत.

आधी माणूस कसा आहे ते ऐका, कारण नास्तिक म्हटलं की लोकांना वाटतं देवाला शिव्या घालत फिरत असेल. भावोजींच्या तोंडून देवाला कधी वाकडा शब्द गेला नाही. माझा रोजचा दिवा असतो. काडेपेटी सापडली नाही की तेच स्टोव्हमागून शोधून देतात. संकष्टीला नारळ मार्केटमधून तेच आणतात, कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना ते बघून. मी देवळात गेले की बाहेर चपला सांभाळत उभे राहतात. एकदा मी म्हटलं, "आत या ना भावोजी, देव काय खातोय तुम्हाला?" तर म्हणाले, "वहिनी, माझी त्याची ओळख नाही. ओळख नसताना लोकांच्या घरात कशाला शिरायचं?"

लग्न केलं नाही. म्हणजे करायचं होतं, पण पत्रिका देणार नाही म्हणाले. मुलगी बघू, बोलू, पटलं तर करू, ग्रहांना मध्ये घेऊ नका. मुलीच सांगून येईनात. सासूबाई कपाळाला हात लावून बसायच्या. आता चाळिशी उलटून गेली, कानावरचे केस पांढरे झाले, विषय संपला.

त्यांचं हे देव न मानणं कुठून आलं, मी विचारलं होतं. मला वाटलं, मोठं काही कारण सांगतील. तर म्हणाले, पोस्टकार्डांमुळे. ती कार्डं यायची ना, अमुक देवीच्या नावाने, हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रं लिहा, न लिहिलंत तर आठ दिवसांत घरात वाईट होईल. नोकरी लागल्या लागल्या भावोजी ती वाटताना घाबरायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, अशी शेकडो कार्डं आपल्या हातांतून गेली, एकाचीही अकरा केली नाहीत, आणि आपल्याला साधं पडसंसुद्धा झालं नाही. उलट ज्या गरीब बायका धुण्याभांड्याच्या पैशांतून अकरा कार्डं विकत घेत होत्या त्यांच्या घरची वाईट वेळ काही टळत नव्हती. एवढंच. पण कार्ड मात्र त्यांनी एकही फाडलं नाही. ज्याच्या नावाचं त्याच्या दारात दिलं. गावच्या पाकिटांत अंगाऱ्याची पुडी असली तर पावसात ते पाकीट सगळ्यांच्या मध्ये ठेवायचे, भिजू नये म्हणून. असा हा नास्तिक.

आणि वाचताना तर काटेकोर. शब्द गाळायचा नाही, शब्द घालायचा नाही. कुणाच्या मरणाची बातमी असो, सुनेच्या चहाड्या असोत. "लिहिलंय ते वाचणार. मी टपालवाला आहे, भटजी नाही," असं म्हणायचे. याच काटेकोरपणाने पुढे त्यांचा घात केला. त्यांचा म्हणते खरी, भोगलं मी.

सन त्र्याऐंशी. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आदल्या वर्षी संपात ह्यांची मिल गेली होती, हे एका वर्कशॉपात ड्रिलिंगला जायचे. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि भावोजी, दहा बाय बाराची खोली. मूल नाही म्हणजे काय असतं ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हळदीकुंकवाला माझी ओटी भरायला बायका कचरायच्या, आणि त्यात ही मालनताई पहिली.

त्या आषाढात माझं पोट वाढायला लागलं. बाजूला दुखायचं, जड वाटायचं. पाळी येत होती, पण थोडी, वेळी-अवेळी. सासूबाईंनी पोटावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "सुगंधा गो, माका वाटता काय तरी आसा," म्हणाल्या. मला पण वाटत होतं. का वाटू नये?

भावोजी म्हणाले, वाटण्यावर कशाला राहायचं, दाखवून येऊ. म्युनिसिपल हॉस्पिटलात त्यांचं टपाल जायचं, ओळख होती. बाई डॉक्टरने तपासलं, लघवी तपासली आणि सरळ सांगितलं. दिवस गेलेले नाहीत. उजव्या अंडाशयाला पाण्याची गाठ झाली आहे, नारळाएवढी. महिन्याच्या आत काढू. डावी बाजू चांगली आहे, तेव्हा एक काढली तरी मूल होऊ शकतं, घाबरू नका. मूल होऊ शकतं, हे शब्द मी कानांनी ऐकलेत. कुणी उगाच सांगू नये मला की डॉक्टर काही बोलले नव्हते.

घरी येऊन भावोजींनी सगळं नीट समजावलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "सुरी लावच्या आधी देवाक इचारूक व्हया. गुरवाक पत्र लिव."

आमच्याकडे हीच रीत. मुंबईला येऊन दोन पिढ्या झाल्या, घरात टीव्ही आला, तरी लग्न असो, खोली घ्यायची असो, कोर्टाची तारीख असो, आधी गावच्या देवाला विचारायचं. गुरव देवाच्या पाषाणाला डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, मागचे "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि सगळे बघत बसतात. उजवी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. मुंबईकराने प्रश्न पत्राने कळवायचा, उत्तर पत्राने येतं. देव गावाला, पोट मुलुंडला.

सासूबाईंनी सांगितलं आणि भावोजींनी लिहिलं. सुनेच्या पोटात डॉक्टर गाठ म्हणतात, आम्हाला मूल वाटतं, देवाला विचारून कळवा. आईला लिहिता येत नाही, तिचं पत्र मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार, असं ते म्हणाले. शिवाय त्यांना वाटलं, डॉक्टरणीने एवढं स्पष्ट सांगितलंय, पत्र काय, येईल आणि जाईल. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचूनही माणसं पत्रावर कशी जगतात हे त्यांना कळलं नव्हतं.

श्रावणात उत्तर आलं. भावोजींच्याच थैलीतून. दुपारी त्यांनी दारात हाक मारली, सासूबाईंनी हात धुतले, देवाच्या फळीसमोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय लिवल्यान ता वाच."

भावोजींनी पाकीट फोडलं. आधी मनातल्या मनात नजर टाकली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रंग उतरला त्यांचा. मग त्यांनी वाचलं. देवाने उजवा कौल दिला आहे. सुनेच्या पोटात देवाचं दान आहे. लोखंड लावू नये. घराण्याची रखवाली, म्हणजे राखणदाराचा नारळ-कोंबडा, राहिली आहे ती शिमग्याला येऊन द्यावी. सोबत अंगारा पाठवत आहे, रोज पोटाला लावावा.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ह्यांनी कामावरून येऊन ऐकलं आणि पेढे आणले. मी, मी काय केलं सांगू? मी देवासमोर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले, आनंदाने. डॉक्टरीण खोटी पडावी असं मला मनापासून वाटत होतं. सहा वर्षं वांझ म्हणून घेतलेल्या बाईला कुणी "तुझ्या पोटात मूल आहे" म्हटलं तर ती पुरावा मागेल का?

भावोजी उभेच होते. पत्राची घडी घालून त्यांनी ते आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "लिहिलंय ते वाचलं. आता माझं सांगतो. हे खोटं आहे. त्या गुरवाने वहिनीला बघितलेलं नाही. ज्या बाईने बघितलंय तिने गाठ सांगितली आहे."

घरात जे रण माजलं ते चाळीने ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरणीक काय कळता? ती काय देवापेक्षा मोठी?" हे, म्हणजे माझा नवरा, ज्यांनी आयुष्यात कधी भावावर आवाज चढवला नव्हता, ते म्हणाले, "तुझं लग्न झालं नाही, पोर नाही, म्हणून माझं तुला बघवत नाही का रे?" आणि मालनताई, ती तर बोलावलेली नसताना दारात येऊन उभी राहिली आणि तेव्हासुद्धा हेच म्हणाली होती, "तुझा विश्वास नाही ना, नसू दे. तुला कोण सांगतंय अंगारा लावायला? दुसऱ्याच्या विश्वासाचं तुला काय पडलंय?" पाच वर्षं झाली, वाक्य तेच. बाई दुसरं वाक्य शिकलीच नाही.

तेव्हा भावोजींनी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते म्हणाले, "फळीवर बसलेल्या देवाचं मला काही नाही. त्याचा नारळ मीच आणतो. पण हा देव फळीवरून उतरून वहिनीच्या पोटाबद्दल ठरवायला लागला. दुखणार वहिनीला. मग मी कसा गप्प बसू? तुमचा विश्वास तुमच्यापाशी राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. तो राहतच नाही ना."

कुणी ऐकलं नाही. मी सुद्धा नाही. उलट मला त्यांचा राग आला. कुठल्या तोंडाने सांगू, मी दोन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे आणि तोंड फिरवायचे. ते रोज टपाल वाटून आले की एकच विचारायचे, "वहिनी, दुखतंय का?" मी नाही म्हणायचे. दुखत होतं. एकदा ते त्या डॉक्टरणीची चिठ्ठी घेऊन आले, ताबडतोब यावं म्हणून. मी ती चिठ्ठी चुलीत घातली नाही एवढंच, डब्याखाली सरकवली.

पोट वाढत गेलं. मला आत लाथ मारल्यासारखं वाटायचं, रात्री ह्यांचा हात तिथे ठेवायचे. जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं, चौकोनी ठिगळं लावून. ज्या बायका ओटी भरायला कचरायच्या त्या आता चिंचा आणून द्यायला लागल्या. मला तो मान आवडला हो. खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा नळावर माझा नंबर कुणी मागे ढकलत नव्हतं.

कार्तिकात सासूबाईंनी डोहाळजेवण ठरवलं. मला हिरवी साडी नेसवली, फुलांच्या वेण्या घातल्या. मालनताईनेच पाच प्रकारची फळं मांडली होती. खोलीत बायका मावत नव्हत्या. ओटी भरायला सासूबाई वाकल्या आणि माझ्या पोटात कुणी पिळा घालावा तशी कळ आली. पाट उलटला. मी फुलांवरच आडवी पडले आणि ओकायला लागले. बायका म्हणाल्या, नजर लागली. कुणी मीठमोहऱ्या आणा म्हणे, कुणी अंगारा आणा. अंगारा लावला माझ्या पोटाला. त्या अवस्थेत. मी गुरासारखी ओरडत होते आणि सात-आठ हात माझ्या पोटावर राख चोळत होते.

भावोजी खाली गल्लीत टपाल वाटत होते. ओरडणं ऐकून थैली गळ्यात तशीच घेऊन वर आले. कुणाला काही विचारलं नाही. मला उचललं. सासूबाई आडव्या आल्या, "शिवू नको तिका, बाहेर नेव नको," तर पहिल्यांदा आणि शेवटचं आईला म्हणाले, "बाजूला हो." रिक्षात माझं डोकं त्या टपालाच्या थैलीवर होतं, आणि ते ड्रायव्हरला रस्त्याचे खड्डे सांगत होते, इथून हळू घे, इथून हळू.

गाठीला पीळ बसून ती फुटली होती. पोटभर पू. रक्ताच्या दोन बाटल्या हव्या होत्या, एक भावोजींनी दिली, दुसरी त्यांच्या ऑफिसातल्या शिवदास कांबळेने, सॉर्टिंग सोडून धावत आला बिचारा. ज्यांना सासूबाई कधी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत त्यांच्यापैकी. ते रक्त माझ्या अंगात आहे आणि मी ते सासूबाईंना मुद्दाम सांगितलं.

जगले. पण बाई डॉक्टर खाटेजवळ आली तेव्हा तिच्याही आवाजात राग होता. म्हणाली, "आषाढात एकच बाजू गेली असती. आता दोन्ही काढाव्या लागल्या. डावीपर्यंत सगळं सडलं होतं." मी विचारलं, "म्हणजे मूल?" तिने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेली. पुढच्या खाटेवर बाळंतीण होती.

हे वॉर्डाच्या बाहेर जिन्यात बसून रडले म्हणे. मी बघितलं नाही. माझ्यासमोर कधी रडले नाहीत, माफीही मागितली नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "देवान वाचवल्यान." रक्त शिवदासचं, हात डॉक्टरणीचे, रिक्षा भावोजींनी आणलेली, आणि वाचवलं देवाने. ठीक आहे म्हटलं. पण पुढचं ऐका. सासूबाईंनी गावी कळवलं आणि गुरवाचं उत्तर आलं. रखवाली वेळेवर दिली नाहीत म्हणून देवाने दान परत घेतलं. शिमग्याला द्यायची होती ती, शिमगा यायचाच होता. म्हणजे चूक पुन्हा आमचीच. साडेतीन किलो पू आणि पाणी निघालं माझ्या पोटातून, आणि त्याला दान म्हणतो तो मेला. तेही पत्र भावोजींनीच आणलं आणि त्यांनीच वाचलं, शब्द न गाळता.

त्या दिवशी सासूबाई देवळात गेल्यावर मी त्यांना विचारलं, "भावोजी, ते श्रावणातलं पत्र तुम्ही फाडून का टाकलं नाहीत? नाहीतर उलटं वाचायचं. देव ऑपरेशन करा म्हणतोय, असं वाचायचं. सासूबाईंना काय कळणार होतं? मी तरी कुठे तपासलं असतं?"

ते म्हणाले, "वहिनी, लिहिलं मी, टाकलं मी, आणलं मी, वाचलं मी. रोज हेच आठवतं. उलटं वाचलं असतं तर तुम्ही वाचला असता, आणि पुढच्या पत्राला आईने पुन्हा गुरवालाच विचारलं असतं. मला वाटलं, खरं वाचून खरं सांगितलं तर लोक ऐकतील." आणि हा माणूस, ज्याच्या तोंडून मी कधी हुंदका ऐकला नव्हता, हातांत तोंड घालून रडला. बाहेर सायकलला त्यांची थैली लटकलेली होती, अर्ध्या गल्लीचं टपाल वाटायचं राहिलं होतं.

तेव्हापासून त्यांनी एक सुरू केलं. गावचं पत्र कुणाचंही असो, वाचून झालं की निघून जात नाहीत. उभे राहतात. त्यात कुणाच्या औषधाचं, ऑपरेशनचं, कुणा सुनेला माहेरी पाठवण्याचं असलं की म्हणतात, "लिहिलंय ते वाचलं. आता माझं सांगतो." लोक वैतागतात. दोन घरांनी त्यांच्याकडून पत्र वाचून घेणं सोडलं. पोस्टमास्तरकडे तक्रार गेली एकदा, पोस्टमनने टपाल द्यावं, उपदेश देऊ नये. भावोजींनी लेखी माफी दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले.

मला विचाराल तर देवावर माझा राग नाही. देवाने पत्र लिहिलं नव्हतं. मी अजून दिवा लावते. राग आहे तो या "काय पडलंय"वर. माझ्या घरात मी पडले होते ना, फुलांवर, राखेत. ज्यांना काही पडलं नव्हतं अशा आठ बायका मला धरून होत्या, आणि ज्याला पडलं होतं तो एकटा जिना चढून आला.

म्हणून आज कपडे अर्धवट वाळत टाकून मी खाली गेले. मालनताईच्या खोलीचं दार उघडंच होतं. विमला भिंतीला टेकून बसली होती, बावीस वर्षांची पोर, गालांची हाडं वर आलेली. गोळ्यांची पुडी देवाच्या फळीवर, अंगाऱ्याशेजारी ठेवलेली, अमावास्येपर्यंत. मालनताई तांदूळ निवडत होती.

"ये सुगंधा," म्हणाली ती, आणि माझं तोंड बघून लगेच, "हे बघ, तुझ्या दिराला मी काही वावगं बोलले नाही. आमचा विश्वास आहे..."

"तुझा विश्वास तू ठेव," मी म्हटलं. "मी तुझ्याशी बोलायला आलेच नाही."

दार लोटलं. विमलासमोर खाली बसले, साडीचा पदर बाजूला केला आणि निऱ्या खाली ओढल्या. बेंबीपासून खालपर्यंत ओळ आहे माझ्या पोटावर, दोन्हीकडे टाक्यांची भोकं. पाच वर्षांत ती मी नवऱ्याशिवाय कुणाला दाखवली नव्हती. विमलाचा हात धरला, गरम होता, आणि त्या ओळीवर ठेवला.

"हा उजवा कौल," मी म्हटलं. "तुझ्या सासूने पाच फळं मांडली होती त्याला. विचार तिला."

मालनताईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बोलेल असं मला वाटलं, सवयीचं ते एक वाक्य. तिची नजर माझ्या पोटावर होती आणि मग तिने ती तांदळावर नेली, पण निवडायचं विसरली.

विमला हात काढत नव्हती. बोटाने ती टाक्यांची भोकं एकेक करून चाचपत होती. मग तिने सासूकडे न बघता विचारलं, "काकी, दवाखाना किती वाजता उघडतो?"

"नऊला," मी म्हटलं. उठून फळीवरची गोळ्यांची पुडी तिच्या हातात दिली. "पण आपण आठलाच जाऊन बसू."